या वेळी दुसरं काम आहे

प्रिय टिटवे,

हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत फोनला हात लावू नकोस. अर्ध्यावर तुला राग येईल, तू मला फोन लावशील, आणि फोनवर मी तुझ्यापुढे हरते हे तुलाही ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या गेटवर माईक हातात घेऊन साऱ्या व्यवस्थापनाला घाम फोडणारी बाई तुझ्या एका "बरं, राहू दे मग"पुढे गारद होते. म्हणून कागद घेतला. लिहिताना मधे कुणी "राहू दे" म्हणत नाही.

रविवारी कॉलेजनं परीक्षेचं वेळापत्रक लावलं. पाच पेपर, पहिला पुरावा कायद्याचा, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी. त्याखाली बारीक अक्षरात एक सूचना होती. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतो आहे आणि जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. या वेळी जो बसणार नाही त्याला नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या वर्गातली विशीतली पोरं ती सूचना वाचून हसली. त्यांच्याकडे वर्षं पडली आहेत. मी मात्र भिंतीला टेकून उभी राहिले. ड्युटी करून, घर सांभाळून, बसच्या दांड्याला लटकत वाचून मी इथवर आले. पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसायचं बळ माझ्यात नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, तुला लिहिते आहे. या वेळी बसले तर वकील होईन, नाही तर कधीच नाही.

तिथेच उभ्या उभ्या मी तारखा कॅलेंडरमध्ये टाकायला घेतल्या. तूच लावलेली सवय, समोर आलं की लगेच टाकायचं, "नंतर" हा शब्द वापरायचा नाही. पहिला पेपर टाकला तर फोन म्हणाला, या वेळी दुसरं काम आहे, तरीही ठेवायचं? मला वाटलं ड्युटी असेल, बदलून घेऊ. हो म्हटलं. दुसऱ्या पेपरला तोच प्रश्न. तिसऱ्याला तोच. पाचही वेळा त्यानं मला विचारलं, आणि पाचव्या वेळी माझा अंगठा थबकला. मी आजवर फक्त आजचा दिवस उघडत आले. आज काय, एवढंच बघायचं आणि धावायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सबंध महिना उघडला.

पुरावा कायद्याची उजळणी कुठे होती, सांगू? पेपर झाल्यानंतरच्या महिन्यात, एका शनिवारी. कराराचा कायदा त्याच्याही पुढे. साक्षीदारांच्या उलटतपासणीवरची टिपणं वाचायला मला जी वेळ दिली होती, ती वेळ येईपर्यंत निकालसुद्धा लागला असता. आणि सगळ्यात वर, हिरव्या खुणेसकट, एक समाधानी वाक्य होतं, सगळ्या कामांना जागा मिळाली आहे. मी हसले गं. एकटीच, जिन्यात. पहिल्या बाकावरची ती चुरूचुरू बोलणारी मुलगी बाजूनं जात होती, थांबून म्हणाली, "काय झालं सिस्टर, पेपर फुटला का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, माझा अभ्यास फुटला."

तू म्हणशील, आई, त्या यंत्राला नावं ठेवू नकोस. नाही ठेवणार. ज्या दिवशी व्यवस्थापनाचा तो गुळगुळीत वकील वाटाघाटींच्या टेबलावर मला म्हणाला, "सिस्टर, भाषण छान करता, जरा कायदाही वाचा," त्या दिवशी मी प्रवेशअर्ज आणला, आणि त्याच आठवड्यात तू दोन दिवसांची रजा काढून आलीस. जेवणाच्या टेबलावर आपण दोघी बसलो. बाबा पेपरआडून बघत होते. तू म्हणालीस, "आई, सगळं तुझ्या डोक्यात आहे म्हणून तू दमतेस. डोक्यातलं बाहेर काढ, कुठेतरी ठेव." आणि एकेक करून ठेवायला शिकवलंस. वहीच्या पानांचे फोटो काढून विषयाप्रमाणे कप्प्यात टाकायचे. प्रत्येक कलमाचं एक कार्ड, पुढे प्रश्न, मागे उत्तर. जे चुकेल ते उद्या पुन्हा समोर येणार, जे जमेल ते आठवड्यानं. कलमं माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून भांडी घासताना ऐकायची. पहिल्या वर्षी मी माझाच आवाज ऐकून वैतागायचे. बाबा म्हणायचे, "घरात एक कमी होती का, आता दोन झाल्या."

आणि ते सगळं चाललं, टिटवे. नुसतं चाललं नाही, धावलं. आमच्या वर्गातल्या पोरांच्या फायली बघशील तर डोकं धरशील. एकीचं नाव "नवीन", दुसरीचं "नवीन नवीन", तिसरीचं "शेवटचं", चौथीचं "खरंच शेवटचं". कुणालाच काही सापडत नाही. मला मात्र मागाल तो कोर्टाचा निकाल चुटकीसरशी मिळतो. "सिस्टर, तो भाडेकरूवाला निकाल आहे का हो?" म्हणत परीक्षेआधी माझ्या बाकाभोवती गर्दी होते. जन्मभर मी म्हणत आले की ज्ञान ज्याच्या हातात त्याच्या हातात सत्ता. आता त्यात एवढंच घालते, आणि ज्याला ते वेळेवर सापडतं त्याच्या हातात. तेव्हा तुझ्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एका जागी आहे. ती जागा मला आठवते, तुला आठवते का बघ.

कॅलेंडरमध्ये दोन तऱ्हेची कामं असतात, असं तू समजावलंस. एक पक्कं, एक हलतं. पक्कं जिथे ठेवलं तिथेच राहतं. हलतं काम, त्याच्यावर दुसरं काही आलं की मुकाट्यानं उठतं आणि दुसरी रिकामी जागा शोधतं. लेक्चर पक्कं, ड्युटी पक्की. मग तू म्हणालीस, "अभ्यास हलता ठेवू या. मधे काही आलं तर तो आपोआप सरकेल, तुला ताण नको." आणि मग घरातल्या सगळ्यांना त्या कॅलेंडरात लिहिण्याची मुभा दिलीस. बाबांना, आजीला, तुला, तुझ्या नवऱ्याला. "म्हणजे दर वेळी आईला विचारत बसायला नको." किती प्रेमानं म्हणालीस! मीही किती खूश झाले! माझ्या चुलीत माझ्याच हातानं पाणी ओतलं जात होतं आणि मी म्हणत होते, वा, किती गार वाटतंय.

रविवारी घरी येऊन मी एकेक चौकोन मागे तपासत गेले. वॉर्डात औषधाचा घोळ झाला की आपण चार्ट उलटा वाचतो, तसा. बाबांची कामं सगळ्यात नेटकी. पाणीखात्यात आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, कॅलेंडरातही रेघ मारून लिहिल्यासारखं लिहितो. "बँक, दोघं." "पडद्यांची मापं." "गळका नळ, प्लंबर येणार, घरी कुणीतरी हवं." हे कुणीतरी कोण, ते लिहायची गरज त्यांना वाटत नाही. आजी तर फोनशी बोलून कामं टाकायला शिकली आहे. पायांच्या शेकासाठी दवाखान्यात न्यायचं असलं की "उद्या दहाला माझे पाय," असं ती दरडावून सांगते आणि फोन आज्ञाधारकपणे "माझे पाय" असा चौकोन करतो. माझ्या कॅलेंडरात महिन्यातून आठ वेळा "माझे पाय" आहेत, वाचणाऱ्याला वाटेल या बाईला आपले पाय हरवायची सवय आहे. आणि तुझ्या नवऱ्यानं त्याच्या आईच्या चष्म्याची तारीखही माझ्यातच टाकलेली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! यातलं एकेक काम बघितलं तर कुणी नाही म्हणेल असं एकही नाही. नळ गळतोच. पाय दुखतातच. पण प्रत्येक वेळी कुणीतरी अंगठा ठेवला, आणि माझा अभ्यास मुकाट्यानं उठून पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. असा उठत बसत तो परीक्षेच्या पलीकडे पोचला.

मला खरी चीड कशाची आली, ते ऐक. आमच्या हॉस्पिटलात पूर्वी ड्युटीचा तक्ता संध्याकाळी लागायचा आणि सकाळी बदललेला असायचा. एखाद्या सिस्टरनं मुलाच्या तापासाठी सुटी मागितलेली, आणि ती आल्यावर तिला कळायचं की तिचं नाव दुसऱ्या वॉर्डात गेलंय. त्याविरुद्ध आपण लढलो. तू तेव्हा शाळेत होतीस, माझ्या भाषणाला पायरीवर बसून गणितं सोडवायचीस. मी गेटवर ओरडून म्हणाले होते की आमचा तास ही तुमच्या टेबलावरची सोंगटी नाही, आमच्या सहीशिवाय तो हलणार नाही. आणि नाही हलला. आजही त्या हॉस्पिटलात तक्ता बदलायचा तर सिस्टरची सही घ्यावी लागते. अशी सही मिळवून देणारी मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच खिशातल्या फोनवर, चार माणसं माझा तास रोज हलवत होती. कुणाची सही नाही, कुणाचा प्रश्न नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच अंधाराला तेल घालत होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी घरात सभा घेतली. हो, सभाच. उभी राहिले आणि बोलले. बाबा म्हणाले, "अगं, हे गेट नाही. बसून बोललीस तरी ऐकू येतं आम्हाला." मी म्हटलं, "बसून बोलले ते तीन वर्षं ऐकू आलं नाही, म्हणून उभी राहिले." मग फोन मधे ठेवला आणि सगळ्यांना दाखवलं, परीक्षा इथे, अभ्यास तिथे. आजीनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "पण माझ्या पायांचं हलतं का नाही ठेवलं मग? अभ्यासच का?" मी म्हटलं, "तुमचे पाय हलते ठेवले असते तर चाललं असतं का तुम्हाला?" तर म्हणते, "अगं, माझे पाय हलते असते तर मी तुला कशाला सांगितलं असतं!" सगळे हसलो. पण हसणं ओसरल्यावर बाबा कप खाली ठेवून म्हणाले, "तुला विचारायचं कधी, ते सांग. घरात असतेस तेव्हा कानात वायर, ओठ हलत असतात. हाक मारली की हात वर करतेस, थांबा म्हणून. मी त्या फोनमध्ये लिहितो, कारण तिथे तू बघतेस. इकडे बघत नाहीस." वकिलाची उलटतपासणी मी वाचली आहे, नवऱ्याची कुठे शिकवतात? तरी मी मागे हटले नाही. त्यांचं म्हणणं खरं असलं तरी माझा अभ्यास परीक्षेनंतरच्या शनिवारी गेलेला होता, आणि तेही खरंच होतं. मी सर्वांची लिहिण्याची मुभा काढून घेतली. आता कुणाला काही हवं असेल तर विनंती पाठवायची, मी हो म्हटलं तरच ते काम बसेल. अभ्यासाचे सगळे तास पक्के केले. बाबा उठून त्यांच्या खोलीत गेले आणि जुने नकाशे काढून बसले. ते चिडले की नद्या बघतात, तुला माहीत आहे.

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! घरात युद्धबंदी, पण तोफा जागच्या जागी. आजी विनंती पाठवते आणि पाठोपाठ आतून ओरडते, "आलं का गं? लवकर हो म्हण!" बाबांची मात्र एकही विनंती आली नाही. नळ त्यांनी स्वतःच प्लंबरसमोर बसून करून घेतला. आजीचे पाय टॅक्सीनं जायला लागले आणि आजीला तो टॅक्सीवाला माझ्यापेक्षा बरा वाटतो, कारण तो तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो. सगळं जमत होतं. एका चौकोनाशिवाय.

इतका वेळ मी त्याच्याभोवती घिरट्या घालते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. गुलाबी रंगाचा, सहा आठवडे लांब, पक्का. त्यावर तू दोनच शब्द लिहिले आहेस, "आई इथे." पाचही पेपर त्याच्याखाली आहेत. फोननं मला पाच वेळा विचारलं, या वेळी दुसरं काम आहे, तरीही ठेवायचं, ते दुसरं काम तू होतीस. मी शोधून काढलं, तू तो कधी टाकलास. ज्या दिवशी तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी, मला फोन करण्याआधी. फोनवर तू रडत हसत होतीस, मीही. तू मला आनंद सांगितलास. प्रश्न विचारला नाहीस. प्रश्न तू अंगठ्यानं मिटवून टाकला होतास.

मी तुझ्यावर रागावू कशी? अठ्ठावीस आठवडे झाल्यापासून तुझा रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय, आणि लवकरही होऊ शकतं असं सांगितलंय. तू मला आकडे पाठवतेस आणि मी ड्युटीवर दुसऱ्या बायकांचे आकडे लिहिता लिहिता तुझेच वाचते. किती बाळं माझ्या हातावर पहिल्यांदा रडली, त्याची मोजदाद मी कधी केली नाही. किती परक्या मुलींनी वेणांमध्ये माझं मनगट धरलं, नखांचे वळ उठेपर्यंत. आणि माझी स्वतःची मुलगी कुणाचं मनगट धरणार? हा प्रश्न मला बसमध्ये, वर्गात, कार्डं उलटताना, सगळीकडे गाठतो. मी कितीदा त्या चौकोनावर बोट ठेवलं. काम काढून टाकायचं का, असं फोन विचारायचा. मी बोट उचलायचे. मग पेपर काढून टाकावेत म्हणून त्यांच्यावर बोट ठेवायचे. तेही उचलायचे. कायद्यात सिद्ध करण्याचा भार असं एक प्रकरण आहे. जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. ते वाचताना मी पुस्तक आपटलं. मी चांगली आई नाही असं जग म्हणतं, मग सिद्ध करण्याचा भार जन्मभर माझ्यावर का? बापाला कुणी पुरावा मागितला आहे का?

तरी मी नुसत्या संतापावर निर्णय घेतलेला नाही, एवढा विश्वास ठेव. तुझ्या हॉस्पिटलातल्या प्रसूती वॉर्डाच्या मुख्य सिस्टरशी मी बोलले. आम्ही एकमेकींना ओळखत नाही, पण आमची जात एक, दोन वाक्यांत ओळख पटते. मी आडवळणानं विचारत होते, तर ती सरळ म्हणाली, "हे बघा सिस्टर, तुम्ही आलात तरी मी तुम्हाला खोलीबाहेरच बसवणार. स्वतःच्या मुलीच्या वेळी आपण सिस्टर राहत नाही, नुसता अडथळा होतो. मीही झाले होते." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी तिला तुझे सगळे आकडे दिले, तुला सुईची भीती वाटते हे सांगितलं, आणि भीती वाटली की तू वाद घालायला लागतेस हेही सांगितलं. म्हणाली, "घालू दे वाद, आम्हाला सवय आहे." बाई पक्की आहे. तिचं मनगट धर. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे ठिपके आले, हातापायांवर अचानक सूज आली, तर मला फोन करायच्याही आधी तिला कर. हे मी आई म्हणून सांगत नाही, तिच्यासारखीच एक सिस्टर म्हणून सांगते आहे, आणि यात वाद घालायचा नाही.

परवा ड्युटीवरून घरी येत होते तेव्हा फोन वाजला. बाबांची विनंती आली होती, सभेनंतरची पहिली. मला वाटलं बँक असेल. उघडली तर तुझा गुलाबी चौकोन. त्यांनी त्यातला एक शब्द बदलला होता, "बाबा इथे." खाली त्यांच्या त्या नेटक्या भाषेत विचारलं होतं, मान्य आहे का? मी बसमधल्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकवायचीच बाकी होते. घरी आले तर टेबलावर उशी, उशीवर टॉवेल, आणि बाबा टॉवेलात उशी गुंडाळायचा नकाशा काढत होते. मग मी बसून त्यांना ते शिकवलं, घड्या कशा घालायच्या, मान कशी धरायची, बाटल्या किती वेळ उकळायच्या. तीन वर्षांत इतका वेळ आम्ही एका टेबलाशी बसलो नव्हतो. त्यांनी विचारलं, "आणि तिनं नको म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर तुम्ही परत या. पण मी शेवटचा पेपर टाकल्याशिवाय निघणार नाही, आणि हे तुम्ही तिला सांगायचं नाही, मी सांगेन." म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते टपालानं न पाठवता त्यांच्या हाती दिलं. पहिला पेपर सकाळी, तीन तासांचा. माझा फोन वर्गाबाहेरच्या टेबलावर, बंद. त्या तीन तासांत तुला वेणा सुरू झाल्या आणि तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही. हे कळत असूनही मी आत जाणार आहे. मला त्याची भयंकर भीती वाटते, टिटवे. गेटवर कधी वाटली नव्हती इतकी. मी तुझी परवानगी मागत नाही, माफीही नाही. तुला आधी सांगते आहे, एवढंच, जे या घरात कुणी कुणाला सांगत नव्हतं. शेवटचा पेपर सुटला की त्याच दारातून मी तुझ्याकडे निघेन. आता मान वर कर. पत्र वाचून होईपर्यंत बूट काढायचे नाहीत असं मी त्यांना बजावलंय आणि ते माझं ऐकतात, तेव्हा ते दारातच बॅग धरून उभे असतील, तुझ्या चेहऱ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत. त्यांना बस म्हण, किंवा जा म्हण. पण काय ते त्यांना तोंडानं सांग.

तुझीच, पेपर सुटेपर्यंत न सापडणारी,
आई